होडीत पाणी शिरतंय असं समजा

दांडी, मालवण
१२ जून २००८

दिव्या,

'प्रिय' लिहायचं विसरले नाही, मुद्दामच लिहिलं नाही. पुढे जमलं तर बघू.

परवा पुण्याच्या एजन्सीचं जाडजूड पाकीट आलं. मच्छीमारांच्या हातात एक यंत्र द्यायचं, ते वापरताना कुठे अडतात ते बघायचं आणि लिहून पाठवायचं, असं काम मी धरलंय. नॉर्वे, फिलिपिन्स आणि मालवण, तिन्हीकडे एकच चाचणी. शिकवण्या घेऊन कंटाळले होते, म्हटलं हे तरी नवीन. आणि शेवटच्या पानावर संशोधनप्रमुख म्हणून सही कोणाची? दिव्या विठोबा मेतर, बर्गन, नॉर्वे. चार वर्षांत घरी फोन नाही की दोन ओळी नाहीत, आणि आता एकदम माझी साहेबीण होऊन प्रकट झालीस! ते पान मी आईला दाखवलं नाही.

आई तशीच आहे. बाबा समुद्रावर गेले त्याला सात वर्षं होत आली, तरी आपल्या घरात अजून 'बाबा आले नाहीत' एवढंच म्हणायचं. त्यापुढचा शब्द कोणी काढत नाही. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात तू आलीस, भटजी बोलावलेस, दर्भाचा पुतळा करून आपल्या धाकट्या नितेशच्या हातून किनाऱ्यावर त्याला अग्नी दिलास. देह मिळाला नाही तर असं करतात, हे मलाही ठाऊक आहे. पण आई मागच्या दारी पाठ करून बसली होती. तू आत आलीस तेव्हा तिने काय विचारलं ते तू विसरली नसशील. "माझ्या घोवाक जाळून इलंस?" मी तेव्हा तिच्या बाजूने उभी राहिले, आजही तिथेच आहे. ती अजून कुंकू लावते.

काम मात्र मी सोडणार नाही, आणि त्याचं कारण तुझी कंपनी नाही. तांबडं बटण दाबलं की होडी कुठे आहे ते मच्छीमार सोसायटीच्या खोलीतल्या पेटीला कळतं, असं तुमच्या कागदात लिहिलंय. नारळी पौर्णिमेनंतर चाळीस होड्यांवर ही यंत्रं बसणार, त्यात एक नितेशच्या. बाबांच्या जागी आता तोच होडी नेतो. त्याच्या हातात जे जाणार आहे ते मला आधी नीट बघायचंय.

कामाचं मेलवर लिहीन. पण ते तुझ्याबरोबर आणखी सात जण वाचतात, म्हणून हे वेगळं पत्र.

नम्रता


३ जुलै २००८

दिव्या,

चाचणी घेतली. गणपतकाकांच्या खळ्यात बसलो होतो. तुमच्या सूचनेत लिहिलंय की माणसाला शांत खोलीत एकटं बसवावं. दांडीवर एकटा माणूस शोधून दाखव आणि मग सूचना लिही. एकाला बसवला की दहा जण कडेला उभे, बायका दारात, कोणीतरी चहा आणतंय.

पहिली तीन कामं सगळ्यांनी चुटकीसरशी केली. यंत्र चालू करा, बॅटरी बघा, हवामानाचा निरोप वाचा. मग चौथं. तुमचं वाक्य मी जसंच्या तसं वाचलं, "होडीत पाणी शिरतंय असं समजा, आणि मदत मागा."

गणपतकाकांनी यंत्र मांडीवर ठेवलं. "आधी माजी होडी बुडयतलंस आणि मगे माका विचारतलंस काय करतलास म्हणान? बरां आसा गो तुजा!" सगळे हसले. विमलाकाकू हसली नाही. तिने यंत्र उचलून माझ्या हातात दिलं. "असला समजूचा नाय. चाय घे आणि घराक जा."

त्यांच्यानंतर एकानेही ते बटण दाबलं नाही. कोणाला अचानक काम आठवलं, कोणी विडी पेटवली. नितेश तर माझा भाऊ! तोही म्हणाला, "ताई, दुसरा काय्ये विचार." शेवटी मी माझ्या मनाने विचारलं, समोर दुसऱ्याची होडी अडचणीत दिसली तर? तेव्हा पटापट दाबलं सगळ्यांनी. दुसऱ्यासाठी सगळे, स्वतःसाठी एकही नाही, असं मी मेलवर स्पष्ट कळवलं.

आणि काल तुमचा तक्ता आला. नॉर्वे: उत्तम. फिलिपिन्स: उत्तम. मालवण: अयशस्वी, कारण अंधश्रद्धा. मला संताप आला, दिव्या. घरातून निघताना माणूस 'येतंय' म्हणतो, 'जातंय' म्हणत नाही, हे काय तू पुस्तकात वाचलंस? तूही तेच म्हणत मोठी झालीस. त्या वर्षी मात्र बॅग उचलून 'जाते' म्हणालीस आणि गेलीस ती गेलीस.

तुमच्याकडचे मच्छीमार खोलीत एकटे बसतात, कॉफी पितात, स्वतःची बोट मनातल्या मनात बुडवतात आणि वर सुधारणा सुचवतात. फिलिपिन्समध्ये माझंच काम करणारी मारिसेल फोनवर सांगत होती, तिच्याकडचे लोक हसत हसत दाबतात. असतील. माझ्याकडचे दाबत नाहीत. आणि त्या बटणावर उलटलेल्या होडीचं चित्र काढायची अवदसा कोणाला आठवली? ते चित्र घेऊन कोण समुद्रात जाईल? बदला ते.

नम्रता


२ ऑगस्ट २००८

दिव्या,

बदललंत! मला खरं वाटेना. उलटी होडी गेली, आणि वल्ह्याला फडकं बांधून वर धरलेला हात आला. दांडीवर कोणालाही कळतं, फडकं दिसलं की आपली होडी तिकडे वळवायची. काल परत चाचणी घेतली. मी 'पाणी शिरतंय' म्हटलंच नाही, "बाजूच्या होड्यांना बोलवा" एवढंच म्हटलं. गणपतकाकांनी दाबलं, नितेशने दाबलं, विमलाकाकूने स्वतः घेऊन एकदा दाबून पाहिलं.

तुझी ओळही वाचली. सात इंग्रजी माणसांच्या मेलमध्ये खाली मराठीत एकच वाक्य, 'तुझं बरोबर होतं, ताई.' ते मी किती वेळा वाचलं ते सांगणार नाही, डोक्यावर बसशील.

मारिसेलने सांगितलं की बटण दाबलं की आता घरीही फोन जाणार. नॉर्वेतल्या बायकांनी तसं मागितलं, आणि कल्पना आधीपासून तुझीच होती. तुला ती कुठून सुचली ते मला विचारायची गरज नाही. बाबा आले नाहीत तेव्हा तीन दिवस आपण तिघं आईला धरून वाळूत बसलो होतो आणि कोणी धड काही सांगत नव्हतं. कळवायला हवंच. नितेशने घरचा मोबाइल नंबर दिलाय, जो आईच्या कमरेला खोचलेला असतो.

ताई


१८ ऑगस्ट २००८

प्रिय दिव्या,

परवा नारळी पौर्णिमा झाली. होड्या सजल्या, नारळ वाहिले. तुझ्या यंत्रांनाही हळदकुंकू लागलं, मी फोटो पाठवलाय. तुमच्या ऑफिसात ते कोणाला समजावून सांगत बसू नकोस.

काल वाटप झालं. प्रत्येकाने एकदा बटण दाबून बघायचं, सोसायटीत आणि घरी पोचतं की नाही ते तपासायचं, असं ठरलं होतं. चाळीसही होड्यांचं पोचलं, घरच्या फोनसकट. बायकांना आधी सांगून ठेवलं होतं की आज उगाच वाजणार आहे, घाबरू नका. तरी काही जणी धावत किनाऱ्यावर आल्या. आपली आई जरा घाबरली, इतकंच. नितेश घरी आल्यावर उठली. अहवालात लिहिण्यासारखं काही नाही.

आईला अजून सांगितलेलं नाही की हे तुझं काम आहे. वेळ बघून सांगेन.

ताई


२४ सप्टेंबर २००८

दिव्या,

नितेश जिवंत आहे. हे आधी लिहिते म्हणजे पुढचं वाचशील.

सोमवारी सकाळी तो आणि महादू दोघेच गेले होते. महादू म्हणजे बाबांच्या वेळचाच खलाशी, तुला खांद्यावर बसवून जत्रेत न्यायचा तो. दुपारी वारा फिरला. लाटेने होडी आडवी घेतली, इंजिन जागचं सुटून महादूच्या पायावर आलं. होडीत पाणी भरत राहिलं. महादू अडकलेला, नितेश एका हाताने पाणी उपसतोय. दुपारभर ते तसेच होते. संध्याकाळी परतताना गणपतकाकांना ते दिसले.

काकांनी आपल्या यंत्रावरचं बटण दाबलं. त्यामुळे विमलाकाकूच्या फोनवर काकांच्याच होडीला मदत हवी असा निरोप गेला. बिचारी अनवाणी किनाऱ्यावर धावली. मग काका दोर बांधून नितेशची होडी ओढत आले. महादूला रातोरात गोव्याला नेला. गुडघ्याखालून पाय गेला. लवकर आणला असता तर कदाचित वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. त्याची बायको राधाबाई त्याच्या उशाशी बसून आहे. मी तिच्या डोळ्याला डोळा भिडवू शकले नाही.

आज तुमची मेल आली, 'यंत्रामुळे झालेली पहिली सुटका, मालवण गटाचं अभिनंदन.' नितेशचा यंत्रासोबत हसतानाचा फोटो मागवलाय. दिव्या, पेटीत नितेशची नोंदच नाही. त्याचं यंत्र चालू होतं, कोरडं होतं, बॅटरी भरलेली होती. त्याने दाबलंच नाही.

तुमच्या कोणीतरी लिहिलंय, बटण सापडलं नसेल, मोठं करू. आता चारशे यंत्रं करायची आहेत म्हणे, वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत. थांबव ते. नितेश माझ्याशी बोलत नाहीये, आईशी नाही, कोणाशीच नाही. मी त्याच्याकडून खरं कारण काढून घेतल्याशिवाय एकही यंत्र पुढे जाता कामा नये. भीक मागते असं समज.

ताई


५ ऑक्टोबर २००८

प्रिय दिव्या,

बोलला. होडी दुरुस्तीला वर ओढलीय, तिच्या सावलीत आम्ही बसलो होतो. मी म्हटलं, चित्र बदललं, शब्द बदलला, चाचणीत तू दाबलंस. मग तेव्हाच का नाही?

"ताई, बटण खंय आसा ता माका ठावक होता. अंगठो तेच्यावरच होतो. पण दाबलंय काय घरात फोन वाजतलो. आवस त्या दिवशी कशी बसली ती बघितलंय मी. म्हटलंय वारो पडतलो, थोडो वेळ थांबया. तिका परत ता ऐकवचा नाय."

"आणि महादू?"

"तो बोंबलत होतो, दाब म्हणान. तेणी हात घातल्यान, तो मी ढकललंय." मग तो वाळूत डोकं खाली घालून रडला. आपला नितेश, इतका मोठा दाढीवाला बाप्या.

आता मला तुला ते सांगायला हवं, जे ऑगस्टमध्ये मी 'जरा घाबरली' म्हणून गुंडाळलं. त्या दिवशी फोन वाजला, आईने कानाला लावला. निरोप ध्वनिमुद्रित असणार हे मला ठाऊक होतं, पण आवाज कोणाचा ते मीही विचारलं नव्हतं. तिकडे मराठी बोलणारी तू एकटीच, तेव्हा तूच वाचलं असणार. चाळीस होड्या, चाळीस नावं, त्यातलं एक आपलं. आईने चार वर्षांनी तुझा आवाज ऐकला, आणि तो म्हणत होता, "नितेश विठोबा मेतर यांच्या होडीला मदत हवी आहे."

विठोबा. होडी. मदत. तुझ्या तोंडून.

ती उंबऱ्यात खाली बसली. कपाळाला घाम, ओठ पांढरे. मी हलवलं, पाणी पाजलं, ही चाचणी आहे म्हणून किती वेळा सांगितलं. तिने काही ऐकलं नाही. नितेश दारात येऊन उभा राहिला आणि त्याने तिला तशी पाहिली. तुला सांगितलं असतं तर पुन्हा चार वर्षं तोंड फिरवशील, अशी भीती वाटली मला. सरळ सांगते.

म्हणून आता बोलते. तो घरचा फोन काढून टाक. सोसायटीत वाजू दे, घरी नको. तू तो आईसाठीच केलास हे मला कळतं. पण तोच फोन नितेशच्या अंगठ्यावर बसला होता. त्याच्या वयाचे आणखी किती जण असेच गप्प बसतील? वीस तारखेला तुमची बैठक आहे. तिथे अंधश्रद्धा म्हणू नकोस, बटण लहान म्हणू नकोस. मुलाला आईची काळजी वाटली, असं म्हण. त्यासाठी तक्त्यात रकाना नसेल तर काढ.

ताई


१४ ऑक्टोबर २००८

प्रिय दिव्या,

मागचं पत्र पोचलं असेल तर त्यातली मागणी बाजूला ठेव. हे पत्र बैठकीआधी पोचणार नाही, म्हणून सोसायटीतून मेलही करतेय. पण सगळं मेलवर सांगण्यासारखं नाही.

महादूला शुक्रवारी घरी आणला. मी आणि नितेश भेटायला गेलो, आणि न बोलावता आईही मागून आली. नितेश महादूच्या पायाशी बसला आणि जे मला सांगितलं तेच त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. मला वाटलं आता राधाबाई त्याला झाडूने मारील. मारलं असतं तरी आम्ही काही बोललो नसतो. पण ती वळली माझ्याकडे, "तू गो, घरोघर विचारीत फिरलंस. माका विचारलंस? माका फोन इलो असतो तर मी सोसायटीत जावन बोंब मारलं असतंय. रडत बसान रवलं नसतंय."

खरंच विचारलं नव्हतं. तिन्ही देशांच्या कागदात वापरणारा म्हणजे होडीवरचा माणूस. दारात उभ्या असलेल्या बायकांच्या हातचा चहा मी पीत होते, आणि फोन त्यांच्या कमरेला वाजणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने फोन काढून मांडीवर ठेवला आणि नितेशला म्हणाली, "किनाऱ्यार जा आणि दाब."

तो घाबरला. "आई, कित्याक?"

"माका घाबरान तू मरतलंस, तर माजा ह्या जगणा कित्याक? दाब म्हणतंय तर दाब."

मी सोसायटीत कळवून आले की चाचणी चाललीय. फोन वाजला. आईने ऐकला. बसल्या जागेवरून ढळली नाही. संपल्यावर मला म्हणाली, "परत दाबूक सांग तेका." परत वाजला. मग परत. आज चार दिवस रोज हेच चाललंय. सोसायटीतले वैतागलेत. पहिल्या दिवशी नितेश दाबून धावत घरी यायचा तिला बघायला. काल तो दाबून तिथेच जाळं विणत बसला. तुझ्या सगळ्या चाचण्यांत ही एक बसव, आणि घ्यायला आईसारखी माणसं ठेव. मला काही जमलं नाही ते तिने करून घेतलं.

काल संध्याकाळी ती ऐकत असताना मी मनाचा हिय्या केला. म्हटलं, "आई, ह्यो आवाज..."

"माका काय ठावक नाय? मी आवस मा तिची." मग फोन खाली न ठेवताच म्हणाली, "बापाशीचा नाव घेताना तिचो आवाज बसता. पयल्यांदा माका ऐकाक इला नाय ता. माका वाटलेला, जाळल्यान आणि गेली, तिका काय्येक वाटूक नाय."

मी ते ऐकलं नव्हतं, दिव्या. परत वाजला तेव्हा तिच्याकडून फोन घेऊन मी कानाला लावला. आहे. 'विठोबा'वर तू अडखळली आहेस.

मग ती म्हणाली, "तेणीय हाक मारली आसतली. माझ्यापर्यंत पोचली नाय." त्या दिवशी बाबांचं काय झालं असेल, याबद्दल सात वर्षांत तिने हे पहिलं वाक्य काढलं. मी रडले. ती नाही रडली. कुंकू तसंच आहे, त्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही.

फोन राहू दे. पण कोणाच्या घरी जावा, कोणाला जावा, हे त्या त्या घरातल्या बाईला विचारून ठरवा, होडीवरच्याला एकट्याला नको. बैठकीत हे माझ्या नावावर सांग.

आणि आपल्या घरापुरता एक बदल. तो आईचा हुकूम आहे, माझी सूचना नव्हे. "तिका सांग, ह्या परत बोल. असा सायबासारख्या नको. आधी 'आई' म्हण, मगे काय ता सांग. बापाशीचा नाव रवांदे."

म्हणजे असं म्हणायचं: "आई, नितेश विठोबा मेतरच्या होडीला मदत हवी आहे."

लवकर बोलून पाठव. ती फोन उशाशी घेऊन निजते.

तुझी ताई